शालिवाहनाचा शक आणि थीसिअसच्या अस्थी



आपल्याकडची कुठलीही लग्नपत्रिका हातात घ्या. वर गणपती, खाली कुलदैवताचं नाव, आणि मग मुहूर्ताच्या ओळीत मिती, वार आणि 'शालिवाहन शके' अमुक अमुक. पत्रिका जालन्यात छापलेली असो, अंबडला असो नाहीतर पुण्याला, ही दोन अक्षरं बहुधा असतातच. पूजेचा संकल्प सोडताना गुरुजी तेच म्हणतात. पाडव्याला पंचांगाचं पहिलं पान उघडलं की तेच. म्हणजे आपल्या घरातल्या प्रत्येक शुभकार्यात एका माणसाचं नाव घेतलं जातं. तो माणूस कोण, असं विचारलं तर 'पैठणचा राजा होता' एवढं उत्तर येतं. एखादी आजी त्याच्या मातीच्या सैन्याची गोष्ट सांगते. इतिहासाच्या पुस्तकात मात्र इ.स. ७८ मध्ये शक सुरू करणारा शालिवाहन नावाचा राजा सापडत नाही.

आजचा विषय हाच आहे. दंतकथेतल्या पुरुषाच्या नावानं एखादा समाज आपला रोजचा व्यवहार का चालवतो? त्यातून त्या समाजाला काय मिळतं? आणि गोष्ट खरी नाही असं कळल्यावर आपण तिचं करायचं काय?

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. तो सर्वांत उघडपणे दिसतो प्राचीन ग्रीसमध्ये, त्यातही अथेन्समध्ये. म्हणून थोडा वेळ आपण तिकडे जाऊ आणि मग गोदावरीकाठी परत येऊ.

ग्रीक लोकांचा 'हीरो' म्हणजे आपल्या सिनेमातला हीरो नव्हे. हीरो म्हणजे मेलेला, पण मेल्यावरही गावाशी संबंध न तुटलेला माणूस. देव सगळ्यांचे असतात. हीरो एका गावाचा, एका कुळाचा, एका वेशीचा असतो. त्याची कबर असते, तिथं नैवेद्य जातो, संकटात तो मदतीला येतो असा विश्वास असतो. आपल्या मराठवाड्यात गावाबाहेर शेंदूर लावलेले वीरगळ उभे असतात ना, गाईगुरं वाचवताना किंवा लढाईत पडलेल्या माणसाचे? त्यांच्याकडे बघितलं की ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही.

अथेन्सचा असा मोठा हीरो म्हणजे थीसिअस. बाप अथेन्सचा राजा, आई मात्र ट्रोझेन या दुसऱ्या गावची. मुलगा आजोळी वाढला. मोठा झाल्यावर बापानं शिळेखाली ठेवलेली तलवार आणि पादत्राणं काढून तो अथेन्सला निघाला. वाटेतले दरोडेखोर त्यानं मारले, पुढे क्रीट बेटावर जाऊन मिनोटॉर नावाचा नरवृषभ मारला, अशी ती कथा. पण अथेन्सच्या लोकांना त्याचं खरं मोल वाटलं ते पुढच्या गोष्टीसाठी. आसपासची गावं वेगवेगळी होती, प्रत्येकाची सभा वेगळी, कारभारी वेगळे. थीसिअसनं ती सगळी गावं एका सभेखाली, एका नगराखाली आणली, असं थुसिडिडिससारखा काटेकोर इतिहासकारसुद्धा लिहितो. लोक आपापल्या गावातच राहिले, फक्त नगर एक झालं. या एकत्र येण्याचा सण अथेन्स दरवर्षी साजरा करत असे.

आता ही गोष्ट जालनेकरांना समजायला जड नाही. १ मे १९८१ ला आपला जिल्हा झाला तेव्हा जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यातून आले आणि परतूर परभणीतून आलं. माणसं होती तिथंच राहिली, कचेरी बदलली. फरक इतकाच की आपल्या जिल्ह्याला अधिसूचना पुरली. अथेन्सला एक पुरुष लागला.

आणि तो पुरुष त्यांनी वापरला कसा, ते बघा. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनची लढाई झाली. इराणी फौजेपुढे थीसिअस शस्त्र घेऊन धावत असल्याचं अनेक सैनिकांना दिसलं, असं नंतर सांगितलं गेलं. पुढे डेल्फीच्या देववाणीनं आज्ञा केली की थीसिअसच्या अस्थी घरी आणा. तो स्कायरॉस बेटावर मेला होता अशी कथा. इ.स.पू. ४७५ च्या सुमारास किमॉन नावाच्या सेनापतीनं ते बेट जिंकलं, तिथल्या लोकांना हाकललं, अथेन्सची माणसं वसवली आणि एका उंच्यापुऱ्या माणसाची शवपेटी, बाजूला काशाचा भाला आणि तलवार, अशी जहाजावर घालून गाजतवाजत आणली. त्या अस्थी कुणाच्या होत्या? सिद्ध करायला कुणाकडे काही नव्हतं. बेट हाती आलं होतं, किमॉनचं नाव झालं होतं, आणि नगराला नगरपिता मिळाला होता. एका शवपेटीत तीन कामं.

याच्याही आधी, इ.स.पू. ५०८ च्या सुमारास, क्लिस्थेनिसनं लोकशाहीची घडी बसवली तेव्हा सगळ्या नागरिकांच्या दहा टोळ्या केल्या. टोळ्या म्हणजे रक्ताच्या नव्हेत. किनाऱ्यावरचे, आतल्या भागातले आणि शहरातले लोक मुद्दाम मिसळून केलेल्या. जुन्या भाऊबंदक्या मोडायच्या होत्या. पण माणूस नुसत्या आकड्याखाली उभा राहत नाही. म्हणून शंभर नावांची यादी डेल्फीला पाठवली गेली आणि तिथून दहा हीरो निवडून आले. प्रत्येक टोळीला एकेकाचं नाव. गंमत म्हणजे त्या दहांत थीसिअस नाही. त्याचा बाप आहे, मुलगा आहे, आणि सॅलमिस बेटावरचा परका एजॅक्सही आहे. पुढे चौकात या दहांचे पुतळे एका ओळीत उभे राहिले आणि त्यांच्या पायथ्याशी सरकारी फलक लागू लागले. नव्या कायद्याचा मसुदा तिथं, लढाईला कुणी निघायचं त्याची यादी तिथं. आपल्या गावात मारुतीच्या पारावर ग्रामपंचायतीची नोटीस लागते, तसंच. दंतकथा आणि नोटीस बोर्ड एकाच दगडावर. नागरी जीवनात हीरो म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं चित्र आम्हाला तरी सापडलं नाही.

आता पैठणला येऊ.

शालिवाहनाची गोष्ट अनेक रूपांत आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी या जैन आचार्यांनी 'विविधतीर्थकल्प' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात प्रतिष्ठानची, म्हणजे पैठणची, कथा येते. नायकाचं नाव तिथं सातवाहन; आपल्या तोंडी तोच शालिवाहन झाला. दोन भाऊ आणि त्यांची विधवा बहीण पैठणला एका कुंभाराच्या घरी उतरली. बहीण गोदावरीवर पाण्याला गेली असता नागराज शेषापासून तिला दिवस गेले. भाऊ तिला सोडून निघून गेले. मूल कुंभाराच्या अंगणात वाढलं. मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून ते खेळायचं. पुढे उज्जैनच्या विक्रम राजाला भाकीत कळलं की हा पोर आपला काळ आहे. तो सैन्य घेऊन आला. तेव्हा शेषानं दिलेलं अमृत त्या मातीच्या खेळण्यांवर शिंपडलं, खेळणी जिवंत झाली आणि विक्रमाचा पराभव झाला.

याच कथेत एक प्रसंग आहे, त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. एक बाप मरताना चार मुलांना चार हंडे ठेवून गेला. एकात सोनं, एकात माती, एकात भूस, एकात हाडं. वाटणी कशी करायची? मुलं भांडत राजदरबारी गेली. विक्रमाच्या सभेत कुणाला उकल होईना. पैठणला खेळणाऱ्या या पोरानं क्षणात सांगितलं: सोनंवाल्याला रोकड, मातीवाल्याला शेती, भूसवाल्याला धान्य, हाडंवाल्याला गुरंढोरं. भांडण मिटलं. म्हणजे हा नायक आधी न्याय करतो, लढाई नंतर. आणि न्याय कशाचा? शेतकरी घरातल्या वाटणीचा. आपल्याकडे आजही कोर्टात सर्वांत जास्त काळ रेंगाळतो तो वाटणीचाच दावा. तेव्हा ही गोष्ट लोकांनी का जपली हे सांगायला नको.

गोष्ट झाली. आता कागदपत्रं काय सांगतात?

पहिली गोष्ट: पैठणशी ज्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे ते सातवाहन राजे स्वतः शक वापरतच नव्हते. त्यांच्या लेखांत 'अमुक राजाचं अमुक वर्ष' एवढंच असतं. राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून.

दुसरी गोष्ट: हा शक ज्यांच्या नाण्यांवर आणि लेखांत सलग चालत आलेला दिसतो ते पश्चिम क्षत्रप, म्हणजे शकच. सातवाहनांचे वैरी. बदामीच्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८ चा, मंगलेशाचा लेख आहे. त्यात ही वर्षं शक राजाच्या राज्याभिषेकापासून मोजली आहेत असं स्वच्छ म्हटलं आहे. शालिवाहन या नावाचा तिथं पत्ता नाही. ते नाव शकाला सरसकट चिकटलेलं दिसतं ते पुष्कळ नंतर, तेराव्या-चौदाव्या शतकापासून. विजयनगरच्या लेखांनी ते दक्षिणभर रूढ केलं.

तिसरी गोष्ट: विक्रम संवत इ.स.पू. ५७ चा आणि शक इ.स. ७८ चा. दोहोंत १३५ वर्षांचं अंतर. मग विक्रम आणि शालिवाहन समोरासमोर लढले कसे? नर्मदा ही हद्द ठरली, उत्तरेला विक्रमाचं वर्ष आणि दक्षिणेला शालिवाहनाचं, हे सांगायला मात्र ती लढाई फार सोयीची आहे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत नवलाची. शकांना खरोखर हरवणारा सातवाहन राजा होऊन गेला: गौतमीपुत्र सातकर्णी. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला. वैऱ्याचं नाणं फेकलं नाही, वितळवलं नाही. त्यावरच आपली खूण ठोकली. आता शकाकडे बघा. वैऱ्याची कालगणना आपल्या समाजानं फेकली नाही, तिच्यावर आपल्या नायकाचं नाव ठोकलं. हजार वर्षांनी लोकांनी तेच केलं जे राजानं टाकसाळीत केलं होतं.

इथं कुणी म्हणेल, 'सर, मग हे सगळं खोटंच की.' थांबा. खोटं आणि दंतकथा एक नव्हे.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा पहिल्या वर्षाला हमखास 'थीसिअसचं जहाज' यायचं. प्लुटार्क सांगतो की थीसिअस ज्या जहाजातून क्रीटहून परतला ते अथेन्सनं शेकडो वर्षं जपलं. फळी कुजली की काढायची, नवी ठोकायची. मग तत्त्ववेत्त्यांत वाद: हे तेच जहाज की दुसरं? वर्गात मुलं फळ्या मोजत बसायची. वर्षानुवर्षं शिकवून आम्हाला एवढं कळलं की उत्तर फळ्यांत सापडत नाही. बंदरावर येऊन दरवर्षी ते जहाज डागडुजी करणारे लोक तेच आहेत का, हे बघावं लागतं. शालिवाहन असंच एक जहाज आहे. शकांची फळी, सातवाहनांची फळी, नागाची, कुंभाराची, विजयनगरची. मूळ लाकूड किती उरलं हे इतिहासकारानं सांगावं, सांगितलंच पाहिजे. पण ते जहाज कुणाला घेऊन चाललं आहे, हा प्रश्न आपला.

तर कुणाला?

निजामाच्या राजवटीत आपल्या भागात सरकारी दफ्तर फसली सालानं चालायचं. आजुर, दय, बहमन असे महिने. सारा भरायचा तो त्या हिशेबानं. शेजारच्या मुसलमान घरात रमजान हिजरीप्रमाणे. आणि हिंदू घरात भिंतीवरचं पंचांग शालिवाहनाचं. कचेरीचा काळ वेगळा, घरचा काळ वेगळा. आपला काळ आपण मोजू शकतो, एवढा आधार त्या नावानं पिढ्यानपिढ्या दिला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर फसली हळूहळू गेलं. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं देशातली पंचांगं तपासली आणि २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिनं शकाचीच गणना घेतली, १ चैत्र १८७९. पण 'शालिवाहन' हे नाव घेतलं नाही, नुसतं 'शक' ठेवलं. आम्हाला हा निर्णय विचारी वाटतो. सगळ्या देशाचा कालगणनेचा आकडा एक असावा. नाव ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्याच्या आत घ्यावं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जरा दुखऱ्या जागेचा आहे. हीरो नगराला एकत्र आणतो, तसा तो वेशीचं दारही लावू शकतो.

इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसच्या सांगण्यावरून अथेन्सनं कायदा केला: आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच तो नागरिक. हा कायदा थीसिअसला लावून बघा. आई ट्रोझेनची. बाद. त्याच्या अस्थी आणणाऱ्या किमॉनला लावा. आई थ्रेसची. बाद. लोकशाही घडवणारा क्लिस्थेनिस? आई सिकिऑनची. तोही बाद. ज्यांनी नगर उभं केलं त्यांनाच नगराच्या व्याख्येत जागा उरली नाही, आणि पुतळे मात्र चौकात तसेच!

त्याच अथेन्सची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थीसिअसच्या अस्थी जिथं ठेवल्या ते स्थान पळून आलेल्या गुलामांचं आणि बलवानाला भ्यालेल्या प्रत्येक दुबळ्याचं आश्रयस्थान होतं. प्लुटार्क कारण देतो की तो जिवंतपणी गरिबांचं ऐकून घेत असे. एकच हीरो, कायदा दार लावतो आणि त्याची कबर दार उघडते.

आपल्याकडेही असंच आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, मुलाची कीर्ती कोरवली आहे. तिथं शक, यवन, पल्हवांचा नाश केल्याचा अभिमान आहे, आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याचाही आहे. हे राजघराण्याचं म्हणणं. लोकांनी मात्र त्याच सातवाहनांमधून जो नायक घडवला त्याला बापाचं नाव नाही, आई टाकून दिलेली आहे, आणि त्याला आसरा मिळतो तो कुंभाराच्या घरी. त्याचं सैन्य क्षत्रियांचं नाही, कुंभारवाड्यातल्या मातीचं आहे. शिलालेखानं ज्या संकराला हरवल्याची बढाई मारली, तोच संकर लोककथेनं सिंहासनावर बसवला. दगडावरच्या अक्षरांना लोकांनी मातीनं उत्तर दिलं, असं आम्हाला वाटतं.

आणि हे उत्तर हवेतून आलं नसावं. आपल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, १९७३ मध्ये उत्खनन झालं. सातवाहन काळातलं नांदतं गाव निघालं. तिथं मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जवळचं साम्य आहे. पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये, ७८ वजा करा, आपल्या शकाचं पहिलं वर्ष. त्या वर्षी इकडे ना शालिवाहन होता ना त्याचं पंचांग. पण हस्तिदंत कोरणारे कारागीर होते, कुंभार होते, व्यापारी होते. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या माणसांची नावं कोरलेली आहेत. खरं नगर यांनी उभं केलं. पुढे त्यांच्या वंशजांनी स्वतःला एक राजा दिला आणि त्याला कुंभाराच्या घरात वाढवलं.

आज आपल्याकडे चौकाचौकात नावं आहेत, पुतळे आहेत, जयंत्या आहेत. प्रत्येक समाजाला आपला पुरुष हवा असतो, त्यात गैर काही नाही. क्लिस्थेनिसनं तर दहा दिले. पण चौकातून जाताना दोन प्रश्न आपण मनाशी विचारावेत. या नावाच्या आडोशाला आज दुबळ्या माणसाला उभं राहता येतं का? आणि आपण केलेला नियम या पुरुषाला स्वतःला लावला तर तो आत राहील की बाहेर जाईल? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं, किंवा दुसऱ्याचं 'बाहेर' आलं, तर चूक त्या पुरुषाची नाही, आपली आहे.

पुढच्या वेळी लग्नपत्रिकेवर 'शालिवाहन शके' वाचाल तेव्हा त्या आकड्यामागचा राजा शोधू नका. बाप नसलेलं एक पोर, त्याला आसरा देणारं कुंभाराचं घर आणि मातीचे चार हत्ती, एवढं आठवा. आपलं वर्ष तिथून मोजायचं असं या मुलखानं ठरवलं, हे आपलं भाग्यच म्हणायचं.

 प्रश्न जरूर पाठवा.